वहिनीने दुसऱ्यांदा मागितलेली बट

माझी वहिनी पंधरा वर्षं बायकांचे केस कापायची. आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत तिचं पार्लर होतं. दोन खुर्च्या, एक मोठा आरसा आणि दिवसभर बडबड. पण शाम्पू आणि रंगांनी तिच्या हातांची पार वाट लावली. पेरांना भेगा पडायच्या, त्यातून रक्त यायचं. डॉक्टरांनी मलम दिलं आणि बजावलं, "हे काम सोडा, नाहीतर हात कायमचे खराब होतील." शेवटी वहिनीने पार्लर बंद केलं आणि आरसा स्वतःच्या हाताने भिंतीवरून उतरवला.

दोन महिन्यांनी तिच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. त्या बाई विद्यापीठातल्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. वहिनी त्यांना मॅडमच म्हणते. त्यांना तपासणीसाठी बायकांचे केस कापून आणायला खात्रीचं माणूस हवं होतं. माणूस बरेच दिवस ताणाखाली राहिला, की शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं आणि त्यातलं थोडं थोडं केसात उतरतं. रक्त तपासलं तर त्या घटकेपुरतं कळतं, केस मात्र महिन्यांची हकिकत सांगतो. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. म्हणजे मुळाजवळचे तीन सेंटीमीटर कापले, की मागचे तीन महिने हातात!

मॅडमना अभ्यास करायचा होता तो रुग्णवाहिकेसाठी येणारे फोन उचलणाऱ्या बायकांचा. बेचाळीस जणी. कानाला सतत कुणाचा तरी आकांत, आणि आवाज मात्र शांत ठेवायचा. वहिनी त्यांच्या चहाच्या सुट्टीत जायची. डोक्याच्या मागच्या बाजूची काडीएवढी बट मुळाशी दोऱ्याने बांधायची, कातडीला लागून कापायची, फॉइलमध्ये गुंडाळून मुळाकडच्या टोकाला खूण करायची. कुठून कापलं ते शोधून सापडायचं नाही. बायका तिला लाडाने 'कात्रीबाई' म्हणायला लागल्या.

महिन्याभराने निकाल आले. आकडे इतके चढे, की मॅडमसुद्धा हादरल्या. "या बायका काय सोसतायत, हे आता सगळ्यांना कळेल," त्या म्हणाल्या. सगळी प्रयोगशाळा भारावून गेली होती. वहिनी तेवढी घरी आली ती तोंड पाडून.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"सगळ्यात मोठा आकडा कुणाचा आलाय माहितीये? ती खळखळून हसणारी आहे ना, तिचा. त्या तीनातले दोन महिने ती रजेवर होती. बहिणीकडे नुसती झोपा काढत होती म्हणे. तिला कसला आलाय ताण?"

मी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. दुसऱ्या दिवशी भर गर्दीत वहिनी दुकानात हजर. पिशवीतून तिच्या मलमाची ट्यूब काढून तिने माझ्यापुढे धरली. "यात काय असतं, ते नीट वाचून सांग."

"हायड्रोकॉर्टिसोन."

"आणि कॉर्टिसॉल?"

मी आत जाऊन आमच्या फार्मासिस्टना विचारून आले. "दोन्ही एकच गं. औषधात घातलं, की नाव बदलतं एवढंच."

वहिनीने ट्यूब परत पिशवीत टाकली. तिथेच स्टुलावर बसत ती हळूच म्हणाली, "बट कापताना घालायच्या रबरी हातमोज्यांनी हातांची आग व्हायची. दोऱ्याची गाठपण निसटायची. म्हणून गाठ मारताना मी मोजे काढत होते. आणि हाताला हे मलम असायचंच."

मी इकडेतिकडे बघितलं. "वहिनी, गप्प बस. कुणाच्या बापाला कळणार नाही. आणि आकडे मोठे आले तर त्या बायकांचं भलंच होईल ना?"

"उद्या दुसरं कुणी मोजेल आणि आकडे खाली आले, की म्हणेल या बायका नाटकं करतात. मग त्यांचा खरा त्राससुद्धा कुणी खरा मानणार नाही." ती उठली. "जाते मी."

तशीच गेली ती, मॅडमच्या खोलीत, आणि सगळं सांगून मोकळी झाली. मॅडमनी आधी खात्री करून घेतली. माझेच केस कापले. अर्धे मलमाच्या हाताने हाताळले, अर्धे नाही. मलमवाल्या केसांचा आकडा आभाळाला भिडला. मॅडम डोक्याला हात लावून बसल्या. "बेचाळीस नमुने मातीत गेले. ते तीन महिने आता कुठून आणायचे?"

"ते कुठे जातायत?" वहिनी म्हणाली. "त्यांच्या डोक्यावरच आहेत की! महिना झाला, म्हणजे एक सेंटीमीटर पुढे सरकलेत. थोडी पलीकडची बट घेऊ, मुळाजवळचा एक सेंटीमीटर सोडू, पुढचे तीन घेऊ. तेच महिने मिळतील."

मॅडमनी कागदावर महिने मांडून बघितले. मग म्हणाल्या, "पण त्या पुन्हा देतील?"

"मागायला मी जाईन. चूक माझी आहे."

या वेळी आत सुती आणि वर रबरी, असे दोन-दोन मोजे घालून, मलमाला हात न लावता वहिनी एकेकीसमोर उभी राहिली. प्रत्येकीला तेच सांगितलं, "माझ्या हाताच्या मलमाने तुमचा नमुना खराब झाला. पुन्हा बट द्याल का?" एकीने नोकरी सोडली होती, एकीने केस बारीक कापून टाकले होते. एक पर्यवेक्षक बाई तर कडाडल्या, "माझं डोकं म्हणजे काय गवत आहे, दर महिन्याला कापायला?" बाकी एकोणचाळीस जणींनी मुकाट मान वळवली.

नवे आकडे आले ते पहिल्यापेक्षा कितीतरी खाली. हसणारीच्या बटेत तर रजेचे दोन महिने खाली आणि कामाचा महिना वर, असा फरक सेंटीमीटरगणिक दिसत होता. सलग दोन पाळ्या करणाऱ्या बायकांचे आकडे मात्र खरोखरच चढे निघाले. रुग्णवाहिका सेवेच्या वरच्या साहेबांनी शंका काढून बघितल्या, पण या वेळी बोट ठेवायला जागाच नव्हती. सलग पाळ्या बंद झाल्या. अवघड फोननंतर पाव तास उठायची मुभा मिळाली.

आता नमुने घेणाऱ्या नव्या लोकांना वहिनीच शिकवते. परवा मी हट्टाने तिच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले. समोर वीसेक पदवीधर मुलंमुली, आणि माझी जेमतेम दहावी झालेली वहिनी त्यांना सांगतेय, "हात कोरडे आणि स्वच्छ. मोजे काढायचे नाहीत. मी काढले होते, त्याचं काय झालं ते ऐका." काहीही न लपवता तिने सगळं सांगितलं. तिचं बोलणं संपलं आणि मी जोरजोरात टाळ्या वाजवल्या. वाजवणारी मी एकटीच. अख्खा वर्ग मागे वळला, वहिनीने डोळे वटारले.

मी आणखी वाजवल्या.