दहा दिवसांची पाहुणी

"किती दिवस झाले?"

अंगणात आल्यावर नर्सबाई आधी एवढंच विचारायच्या. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पत्र्याची पेटी, वहाणा जोत्याखाली काढलेल्या. पाटणकडच्या मिशनच्या लहानशा दवाखान्यातून त्या आमच्या गावी चालत यायच्या. अंतर साडेतीन मैल. मी मोजलेलं आहे.

बाई ख्रिस्ती होत्या. धर्म त्यांच्या आईबापांनी बदलला होता, पण गाव त्यांची मूळची जात विसरलं नव्हतं. त्यामुळे एरवी त्यांनी जोत्याखालीच थांबायचं. बाळंतपणाचं सोयर आणि मेल्याचं सुतक, या दोनच वेळी घर स्वतःच विटाळलेलं असे, मग बाईंच्या येण्याने आणखी काय बिघडणार? दहा दिवस त्या थेट माजघरात. अकराव्या दिवशी घर सारवलं की पुन्हा अंगणात. त्या हसून म्हणायच्या, "मी तुमची दहा दिवसांची पाहुणी. मोजताना चुकू नका म्हंजे झालं."

तुमच्याही गावात असं एखादं माणूस असेल. आठवून पाहा, ते घरात कुठवर येत होतं.

माझ्या थोरल्या भावाच्या दत्तूला बाईंनीच जगात आणलं. पोरगा पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला. पायाळूची लाथ बसली की धरलेली कंबर सुटते अशी आमच्याकडे समजूत. दत्तू पाच वर्षांचा झाल्यापासून सकाळी आमच्या अंगणात म्हातारे ओणवे उभे. एकदा एका दिवसात अकरा मोजले, त्यात मीही एक. बाई ते बघून कपाळाला हात लावायच्या. "आवं, शेक घ्या, तेल चोळा! लाथा कसल्या खाताय?" आणि मग दत्तूकडे वळून हळूच, "जरा बेतानं रं, म्हातारं मोडंल."

भाऊ लवकर गेला. दत्तू अठराव्या वर्षी साताऱ्याला भरती होऊन पलटणीत गेला. तेव्हा लढाई चालू होती. दोन वर्षांनी तार आली. तो ब्रह्मदेशात पडला होता, तार येण्याआधी एक महिना चार दिवस.

गावच्या पाण्याच्या पाळ्या मी लावायचो, म्हणून सोयरसुतकाचे दिवसही लोक मलाच विचारत. तारेतली तारीख वाचली तेव्हा हिशेब आधी सुचला, रडू मागाहून आलं. मरणाला दहा दिवस उलटल्यावर बातमी कळली तर सुतक तीनच दिवस. तारीख लपवली असती तर दहा मिळाले असते. मला ते जमलं नाही. भावकीतले थोरले आबा, त्यांना मी खरी तारीख सांगून टाकली.

वहिनी माजघरात कोपऱ्याकडे तोंड करून बसली. प्रेत नाही, राख नाही, हाताला करायला काही नाही. बायका यायच्या, गळा काढायच्या, निघून जायच्या. भावकीतून आलेली भाकरी तशीच परत जायची. ती रडेना, बोलेना, पाणी घेईना. मी ओट्यावर आबांच्या शेजारी. तिथून उठता येत नव्हतं आणि आत जाऊन बोलावं असं माझ्यापाशी काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नर्सबाई आल्या. "किती दिवस झाले?"

"आज दुसरा," मी म्हणालो.

त्या आत जाऊन वहिनीशेजारी उघड्या जमिनीवर बसल्या. गळा काढला नाही. देवाची मर्जी वगैरे म्हणाल्या नाहीत. दुपार तशीच गेली. मग म्हणाल्या, "त्याचं पाय आधी माझ्या हातात आलं हुतं. डावा पैला. एवढुसा."

वहिनीच्या तोंडून जो आवाज निघाला, त्याने ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली. पुष्कळ वेळाने तिने बाईंच्या हातून तांब्याभर पाणी घेतलं. सुतकातसुद्धा ते चालण्यासारखं नव्हतं. मला दारातून दिसलं. मी पाठ फिरवली.

बाई जायला निघाल्या तेव्हा मी विचारलं, "तुम्ही तिला काय सांगितलंत?"

"काय सांगायचं? आमच्या प्रभूचा दोस्त मेला, तवा तोबी आधी रडलाच की. म्या निस्ती सोबत केली."

तिसऱ्या दिवशीही त्या आल्या. वहिनीने चार घास पेज घेतली.

चौथ्या दिवशी घर सारवलं, गोमूत्र शिंपडलं. वहिनी अंघोळीला उठली नाही. पुढे ठेवलेली पेज निवून गेली. ऊन चढल्यावर नर्सबाई अंगणात येऊन थांबल्या. त्यांना सगळं माहीत होतं, तरी विचारलं, "किती दिवस झाले?"

"तीन सरलं, बाई," आबा म्हणाले. "घर धुतलं. आता काय इचारायचं ते तितनंच इचारा."

बाईंनी मान हलवली आणि छत्री उघडली. तेवढ्यात आतून वहिनीचा आवाज आला. "एकच झालाय. आत ये, बाई."

आबा माझ्याकडे वळले. "घरचा कर्ता तू. मोजणारा बी तूच. सांग की तिला."

माझ्या थोरल्या मुलीची सोयरीक आबांच्या शब्दावर जुळत आली होती. दोन्हीकडून मला वाट नव्हती. आबा थांबले होते. बाई उन्हात थांबल्या होत्या. आतली पेज निवलेली होती.

"एकच झालाय, आबा," मी म्हणालो.

जाणूनबुजून चुकीचा सांगितलेला माझ्या आयुष्यातला तेवढा एकच आकडा.

आबांनी वहाणा घातल्या. "बस मग मोजत." ती सोयरीक मोडली. वर्षभर भावकीतलं कुणी आमच्याकडे पाणी प्यायलं नाही. नर्सबाई मात्र पुढे ओळीने नऊ दिवस माजघरात आल्या. नवव्या दिवशी वहिनीने स्वतः चूल पेटवली.

मग बाईंची सांगलीकडे बदली झाली. तीन वर्षांनी कळलं, तिकडेच तापाने गेल्या. त्या दिवशी वहिनीने पेटलेली चूल विझवली. मी म्हणालो, "वहिनी, परक्याचं सुतक लागत नाही."

"तुमी निस्तं मोजा, भावजी," ती म्हणाली.

मी दहा मोजले. अकराव्या दिवशी तिने ओटा सारवला, जोतं सारवलं, अंगण सारवलं. जोत्याखाली बाईंच्या वहाणा असायच्या, तेवढी वीतभर जागा सोडून.