ऑइल पिणारी गाडी

खून, दरोडे पुष्कळ पाहिले. पण नोकरीतली एखादी आठवण सांगा म्हटलं की मला आधी आठवते ती ऑइल पिणारी एक गाडी. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते आणि मी इस्लामपूरकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. एका सकाळी एक निवृत्त सुभेदार तक्रार अर्ज घेऊन आले. आत येताच त्यांनी मला सोडून दारातल्या हवालदाराला कडक सॅल्यूट ठोकला. तो गडी दिवसभर छाती फुगवून फिरत होता.

तक्रार फसवणुकीची होती. सुभेदारांनी पलटणीतल्या जिवलग मित्राकडून जुनी पेट्रोल गाडी घेतली होती. रोज सकाळी बॉनेट उघडून इंजिनातलं ऑइल मोजायची पट्टी ओढून बघायची, ही त्यांची फौजेतली सवय. पट्टी रोज कोरडी निघायची. मग ऑइल ओतायचं, आणि नातीला शाळेत सोडायला निघालं की मागून निळा धूर. गॅरेजवाल्यानं लांबूनच धूर बघून इंजिनाच्या रिंगा गेल्यात, म्हणून ते ऑइल जाळतंय, असं सांगितलं होतं.

"गाडीचं दुःख न्हाई, सायेब," ते म्हणाले. "बर्फात एका रजईत झोपलोय आमी. त्यानं मला फसवावं?"

एवढं बोलून त्यांनी सही केली, तीही रेघ सोडून भलतीकडे. चहाचा कप टेबलावर चाचपडत शोधला. रागाच्या भरात भान नसेल, असं मला वाटलं.

मित्राला वाईहून बोलावून घेतलं. गाडी विकलेली, त्यामुळे बिचारा एसटीनं आला. दोघांना वेगवेगळं बसवलं. ज्याच्या मनात काळंबेरं असतं तो आधी विचारतो, समोरच्यानं माझ्याबद्दल काय सांगितलं? यानं विचारलं, "त्येची तब्येत बरी हाय न्हवं?" गाडीनं आपल्याकडे कधी जादा ऑइल खाल्लं नाही, हे तो शांतपणे सांगत राहिला. उलटसुलट विचारून पाहिलं, पण त्याचं म्हणणं बदललं नाही.

दोघंही खरं बोलताहेत हे मला कळत होतं, आणि पोलिसाला याच्याइतकी अडचणीची गोष्ट नाही. मग ती सही आठवली, कप आठवला, आमच्या हवालदाराला मिळालेला सॅल्यूटही आठवला. मी दोघांना आवारात सुभेदारांनी आणलेल्या गाडीपाशी नेलं आणि सुभेदारांना ऑइल तपासायला सांगितलं.

त्यांनी पट्टी पुसली, आत घातली, बाहेर काढून उजेडात धरली.

"बघा. कोरडी ठाक."

पट्टीवर वरच्या खुणेच्याही पुढे ऑइल चमकत होतं. नवं ऑइल मधासारखं असतं, ते दिसायला डोळे शाबूत लागतात. भरलेल्या इंजिनात हा माणूस रोज आणखी ओतत होता आणि जादाचं ऑइल धूर होऊन जात होतं. याच डोळ्यांनी ते नातीला घेऊन रस्त्यावर गाडी चालवत होते. माझ्या अंगावर काटा आला.

मी तोंड उघडणार, तोच मित्रानं माझ्याकडे पाहिलं. त्यालाही सगळं समजलं होतं. त्यानं मान खाली घातली.

"सायेब, माजं चुकलं. रिंगा गेल्यात, मला म्हाईत हुतं."

सुभेदार त्याला वाट्टेल तसं बोलले. पलटणीचं नाव घालवलंस, असंही म्हणाले.  मग मित्र म्हणाला, "किल्ली दे. गाडी मीच चालवत कुपवाडला मेस्त्रीकडं नेतो. इस्वास नसंल तर तू बी चल. उद्या तुज्या वैनीचं डोळं मिरजेत दाखवायचं हायत, तीबी एसटीनं तितं ईल."

विश्वास नव्हताच, म्हणून सुभेदार किल्ली देऊन स्वतःही सोबत जायला तयार झाले. आपसात मिटल्याचा जबाब मी लिहून घेतला. आयुष्यभर माणसांकडून खरं वदवून घेणारा मी, त्या दिवशी खोटं ऐकून गप्प बसलो. आपल्याला असा एक तरी मित्र आहे का, हे मात्र घरी जाईपर्यंत आठवत होतो.

पुढे काही आठवड्यांनी सुभेदार पुन्हा आले. काळा चष्मा लावला होता. या वेळी सॅल्यूट थेट मला.

"सायेब, मिरजेत वैनीबरूबर माजंबी डोळं तपासाय लावलं त्यानं. मोतीबिंदू निघाला, आपरेशन झालं. आज मी सोता पट्टी बघितली, ऑइल लख्ख दिसलं. मेस्त्रीनं जादाचं ऑइल तेवडं काढलं हुतं, रिंगा शाबूतच हुत्या." त्यांनी काळा चष्मा सारखा केला. "त्यानं तुमच्याफुडं खोटा जबाब दिलाय. त्येला काय शिक्षा हाय?"

"तुम्ही सांगाल ती," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा काढला आणि रुमाल डोळ्यांना लावला. डॉक्टरनी अजून रडायचं न्हाई म्हणून सांगितलंय, असं पुटपुटले.

खरं शोधून काढणं हे आमचं काम. ते सापडल्यावर कुणापुढे किती बोलायचं, हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. ते या आरोपीनं शिकवलं.

आरोपी बाहेर गाडीत बसून होता. आत यायला लाजत होता. सुभेदार स्वतः जाऊन त्याला हाताला धरून घेऊन आले.