लेखी विचारणारे साडू

साऱ्या नागपुरात सरकारचे म्हणणे शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा एकच माणूस होता, आणि तो माझ्या नशिबी साडू म्हणून आला होता. रेडिओला लायसन लागायचे ते दिवस. शेजाऱ्याने खिडकीबाहेर उभे राहून आपल्या रेडिओवरच्या बातम्या ऐकल्या तर चालते का, हे विचारायला ते पोस्टात गेले होते. एका लग्नपत्रिकेवर 'आहेर आणू नये' असे छापले होते, म्हणून बायकोने नवरीच्या हातात दिलेले पातळ त्यांनी परत आणायला लावले. "छापलं आहे म्हणजे छापलं आहे," म्हणाले. माझी मेव्हणी घरी येईपर्यंत रडत होती.

उमरेडचे वडिलांचे माग विकून आलेले पैसे त्यांच्याजवळ होते. नागपूरबाहेर वाडीला तेव्हा ट्रकांची गर्दी वाढत होती, आणि ड्रायव्हर ट्रकखालीच सतरंजी टाकून झोपत. त्यांना एक-दोन दिवसांसाठी खोल्या भाड्याने द्याव्यात, असे साडूंच्या मनात आले. तिथेच अमरावती रोडवर एक दुमजली इमारत विकाऊ होती. मी म्हटले, "भाऊ, घेऊन टाका."

"आधी नकाशा पाहतो गा. कोणता भाग कशासाठी ठेवला आहे, ते समजू दे."

तीन महिने ते नगररचनेच्या कचेरीत खेटे घालत होते. तिथला कारकून वैतागून म्हणाला, "काका, घ्या अन् चालवा. कोण विचारते?"

"मी विचारून राहिलो ना!"

शेवटी लेखी उत्तर आले. जागा व्यापारी भागात आहे, खोल्या द्यायला हरकत नाही. मगच त्यांनी खरेदी केली. वर्षभर छान चालले. नियमांची पाटी वाचून दाखवल्याशिवाय ते किल्ली देत नसत. ड्रायव्हर हसत, पण धुतलेल्या चादरीसाठी पुन्हा तिथेच येत.

मग नकाशा बदलला. तो पट्टा फक्त गोदामांसाठी ठरला आणि खोल्या बंद करण्याची नोटीस आली. त्याच रांगेत आणखी चौघे खोल्या देत होते. त्यांना कुणी हात लावला नव्हता. मी साडूंसोबत कचेरीत गेलो.

"त्यांले काहून नाही नोटीस?" साडूंनी विचारले.

"त्यांनी कुठं काय विचारलं होतं?" साहेब म्हणाले. "आमच्याकडे फाइल फक्त तुमची आहे."

वकील म्हणाला, अपील करा आणि निकालापर्यंत चालवत राहा. साडूंनी अपील केले, पण नोटिशीतल्या तारखेला खोल्याही बंद केल्या. अपील कुठल्या तरी कपाटात पडून राहिले. वरच्या खोल्यांत सरकीच्या ढेपेची पोती भरली गेली.

दोन वर्षांनी रस्त्याच्या पलीकडे मी इमारत घेतली आणि ड्रायव्हरांना खोल्या देऊ लागलो. कुणालाही काही विचारले नाही. मेव्हणीने आमच्या घरी येणे सोडले. साडू मात्र आले. खोल्या पाहून म्हणाले, "खिडकी मोठी कर गा. ड्रायव्हर माणसाले हवा लागते." नंतर त्यांच्या दाराशी ट्रक थांबला, की ते स्वतः रस्ता ओलांडून ड्रायव्हरला माझ्याकडे आणून सोडायचे. मला तोंड वर करून बघवत नसे.

साडू गेले. माझ्या खोल्या आजही भरलेल्या असतात. जुना एखादा ड्रायव्हर विचारतो, "वो बड़े भाईसाब किधर हैं?" मी सांगतो. मग मी त्याला सगळ्यात हवेशीर खोली देतो.