चौऱ्याहत्तर नंबरच्या दारावरची नोटीस

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, शाळेतल्या सोबत्यांना नाही. मन्नारगुडीला आईला तर नाहीच — ती अजून गल्लीभर सांगत असते की आमच्या घरातला पहिला पदवीधर चेन्नईत सरकारी शाळेत गणित शिकवतो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण. दुसरंही एक आहे. ते शेवटी सांगेन. आधी सांगायची हिंमत नाही.

तुम्ही कधी निवडणुकीचे आकडे बूथवार पाहिलेत का? टीव्हीवर अख्खा मतदारसंघ एका रंगात दिसतो. पण मोजणी बूथवार होते आणि तो कागद कुणालाही बघायला मिळतो. आमच्या भागात लोकसभेला एकच आघाडी निवडून येते, मोठ्या फरकानं. फक्त कालव्याकाठचे चार बूथ दरवेळी उलटे. आणि महापालिकेला तर त्याच चार बूथांच्या जोरावर आमच्या वॉर्डानं एक अपक्ष बाई निवडून दिली होती. दवाखान्यात आया होती ती. चहूबाजूंचे वॉर्ड एका पक्षाचे, मधोमध आमचा वेगळा. पक्षाचा वॉर्ड-सचिव — त्याला सगळे नुसतं 'वट्टम' म्हणतात — चहाच्या दुकानात म्हणायचा, "बाकी सगळी इडली मऊ. हा आमचा वॉर्ड म्हणजे दाताखाली आलेला खडा."

मीही हसायचो. खरं तर त्या खड्यात मीही होतो.

माझे वडील शिंपी. घरात आमची तंजावरकडची मराठी — अर्धी तमिळ, अर्धी कुठल्या काळातली कोण जाणे. लिहायची ही मराठी मी पुढे मैलापूरला एका बाईंच्या रविवारच्या वर्गात शिकलो. कॉलेजसाठी चेन्नईत आलो तेव्हा एका गोदामाच्या माळ्यावर झोपायचो. झोपायला जागा होती, पत्ता नव्हता. शिष्यवृत्तीच्या अर्जावर मात्र चेन्नईतला पत्ता हवा, त्याचा पुरावा हवा. मैलापुरात आमचे नातेवाईक होते, पक्क्या घरात, दारावर पितळी पाटी. ते "बघू" म्हणाले. दोनदा म्हणाले.

पत्ता दिला तो कस्तुरी अक्कानं. कालव्याकाठी झोपडीच्या पुढ्यात ती इडल्या विकायची. माझी तिची ओळख काय, तर रोज सकाळच्या चार इडल्या. "घाल की माझा दार नंबर," ती म्हणाली. "दार काय झिजतंय?"

दार नंबर चौऱ्याहत्तर. मतदारयादीत त्या दारावर चार नावं लागली — अक्का, तिची दोन मुलं आणि मी, एक राव. माझं ओळखपत्र आलं तेव्हा तिनं ते सगळ्या ओळीला दाखवलं. "माझी पोटची दोन," ती म्हणायची, "आणि हा तिसरा, यादीतला." त्या कार्डावर मला शिष्यवृत्ती मिळाली. तिच्यावर मी शिकलो. आज मी जो कोणी आहे तो त्या दारातून आत आलेला माणूस आहे.

अक्काची एक शिस्त होती. अन्न घेताना दोन्ही हात पुढे करायचे. एक हात पुढे केला की पळी बोटांवर बसायची. "तंबी, अन्न मागून घेतोयस, बसचं तिकीट नाही." तंबी म्हणजे धाकटा भाऊ. ती सवय मला अजून आहे. लग्नाच्या पंगतीतही माझे दोन हात पुढे येतात आणि बायको कोपर मारते.

नोकरी लागली, लग्न झालं, आम्ही अंबत्तूरला घर घेतलं. नाव मात्र चौऱ्याहत्तर नंबरच्याच दारावर राहिलं. बदललं का नाही? आळस म्हणा. पण खरं सांगू? मला ते बरं वाटायचं. मतदानाच्या दिवशी सकाळची गाडी पकडायची, अक्काकडे इडली खायची आणि तिच्यासोबत रांगेत उभं राहायचं. त्या आयाबाईला मीही मत दिलं होतं.

मग पूर आला, आणि पुरानंतर लॉऱ्या आल्या. कालव्याकाठच्या दोन ओळी उठवल्या. माणसं शहराबाहेर नेऊन ठेवली — बसनं दीड तास, एकसारख्या उंच इमारती. अक्काचा इडलीचं पीठ वाटायचा ग्राइंडर मी स्वतः लॉरीत चढवला. लॉरीत बसून ती म्हणाली, "यादीत नाव आहे तोवर दार आहे, तंबी. ते कुणाला पाडता येत नाही."

तिचा यावर खरंच विश्वास होता. सगळ्यांचाच होता. आयाबाईनं शब्द दिला होता की याच जागेवर पक्की घरं बांधून घेऊ. तिची मुदत संपली, मध्ये बरीच वर्षं महापालिकेची निवडणूकच झाली नाही, तरी तो शब्द लोकांनी धरून ठेवला. लोकसभा असो, विधानसभा असो — मतदानाला ही माणसं व्हॅन करून दीड तास येत, नसलेल्या दारांच्या नावानं मत देत आणि परत जात. घरं नव्हती, पण मतं होती. चार बूथ उलटेच राहिले.

त्यांच्या नव्या घरी मी दोनदा जेवून आलो होतो. ब्लॉक नंबर, तिसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताचं दार. मला पाठ होतं. आजही आहे. — हे मी मुद्दाम सांगतोय.

पुढे मला बीएलओ नेमलं — बूथची मतदारयादी तपासणारा, नावं लावणारा-काढणारा माणूस. शाळामास्तरांच्या वाट्याला ते येतंच. बीएलओ शक्यतो त्याच यादीतला मतदार बघतात, आणि माझं नाव यादीत होतं. कुणाच्या दारावर होतं ते तुम्हाला माहीत आहे.

महापालिकेची निवडणूक जवळ आली, आयाबाई पुन्हा उभी राहणार होती, तसा वट्टम शाळेत आला. मधल्या सुट्टीत, हातात केळ्यांचा घड — मुलांसाठी, म्हणाला. मला वाटलं दमदाटी करेल. त्यानं तसं काही केलं नाही. केलं असतं तर आज माझ्याकडे सांगायला काहीतरी असतं. तो म्हणाला, "सार, तुम्ही शिकलेली माणसं. आम्ही काय, अंगठेबहाद्दर. जिथं घरच नाही तिथं मतदार कसा, हे तुम्हीच आम्हाला सांगायचं. नियमाप्रमाणे करा, एवढंच." मग उठता उठता हसून म्हणाला, "त्या यादीत तुमचंही नाव कुठंसं बघितलं, सार. मी म्हटलं, दुसरे कुणी राव असतील."

बस, एवढंच. मी एवढ्यावर पडलो.

नियम काय चुकीचा होता? जो राहत नाही त्याचं नाव काढायचं. पण नाव काढण्याआधी नोटीस द्यायची असते. माणसाला कळवायचं असतं, त्याला हरकत घेता यावी, किंवा नव्या पत्त्यावर नाव लावून घेता यावं म्हणून. एकसष्ट नावं होती. मी एकसष्ट नोटिसा लिहिल्या, प्रत्येकीवर जुना दार नंबर घातला आणि एका सकाळी कालव्याकाठी गेलो. दारं नव्हतीच. पंपघराची भिंत होती. शाळेतल्या खळीनं मी त्या नोटिसा भिंतीवर ओळीनं चिकटवल्या, मोबाइलवर फोटो काढले आणि अहवालात लिहिलं — राहत्या पत्त्यावर नोटीस बजावली, हरकत आली नाही. अक्षर माझं चांगलं आहे. खाली सही केली.

चौऱ्याहत्तर नंबरची, अक्काच्या नावाची नोटीस चिकटवताना मी थांबलो का? नाही. खोटं कशाला सांगू. ऊन फार होतं आणि मला शाळेत परतायची घाई होती.

इथवर सांगून थांबता आलं असतं. एका मास्तरानं घाबरून नियमाचा आडोसा घेतला — एवढीच गोष्ट असती तर मी ती कधीच कुणाला तरी सांगून मोकळा झालो असतो. पण तुम्ही मोजलं असेल. नोटिसा एकसष्ट. बासष्टावं नाव माझं होतं. त्या वॉर्डातून मी या सगळ्यांच्या आधी गेलेलो. मला कुणी लॉरीत घालून नेलं नव्हतं. मी कर्ज काढून, वास्तुशांत करून, आपल्या पायांनी गेलो होतो. नाव काढायचं तर पहिलं माझं.

मी काय केलं? नोटिसा चिकटवण्याच्या महिनाभर आधी मी माझं नाव त्याच वॉर्डात, एका सोबत्याच्या घरच्या पत्त्यावर हलवून घेतलं. तिथे मी एक रात्रही राहिलेलो नाही. म्हणजे यादीत माझं दार सलामत, आणि चौऱ्याहत्तर नंबरवर मी कधी होतो याची खूणही नको. पहिल्या पदवीधराला झोपडीचा पत्ता शोभत नव्हता का? शोभत नव्हता. असंच वाटलं मला.

मतदानाच्या दिवशी सात वाजता मी पहिल्या पाचांत मत देऊन घेतलं. बीएलओला मग दिवसभर बूथबाहेर टेबलावर यादी घेऊन बसायचं असतं. साडेआठला व्हॅन आली. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून, केसांत मल्लिगैचे गजरे घालून उतरल्या. अक्का सगळ्यांत पुढे. "बघा," तिनं मागे वळून सांगितलं, "आपला तंबीच बसलाय. आता काय, रांग नको नि काही नको."

मी डावा हात यादीखाली सरकवला. त्या हाताच्या बोटावर मत दिल्याची शाई होती.

तिनं कार्ड पुढे केलं. मी यादीत बोट फिरवत बसलो — उजवं बोट — जणू शोधतोय. नाव नाही म्हणून सांगितलं. तिला ते कळेचना. कार्ड आहे की! मी समजावलं, कार्ड असून उपयोग नाही, यादीत नाव हवं. मागच्या बायका गोंगाट करू लागल्या. "कुणी काढलं?" अक्कानं विचारलं.

"वरून गेलंय, अक्का. कॉम्प्युटरनं."

तिनं कार्ड परत पिशवीत ठेवलं. कॉम्प्युटरशी भांडायचं कसं? मग मागच्यांवर तीच ओरडली, "त्याच्या अंगावर काय जाता? तो बिचारा काय करणार!" आणि माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून तिनं विचारलं, "आणि तुझं रे? आपलं दार एकच. तुझंही गेलं असेल ना?"

मी म्हणालो, "माझंही गेलं, अक्का."

हे ते. हेच मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं — माझ्यासाठी. तिनं पिशवीतून स्टीलचा डबा काढला. माझ्यासाठीच आणला होता, दरवेळी आणायची. "खाऊन घे. मग बघू, दोघं मिळून अर्ज करू." तिनं डबा पुढे केला, आणि माझे दोन्ही हात पुढे गेले.

ती माझ्या बोटाकडे बघत राहिली. मागच्या कुणाला काही दिसलं नाही. तिनं डबा माझ्या हातांत नीट ठेवला, झाकण दाबून बघितलं.

"खा, सार," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत तिनं मला कधी सार म्हटलं नव्हतं. ती व्हॅनमध्ये जाऊन बसली. बाकीच्या बायका तासभर वाद घालत होत्या. ती उतरली नाही.

आयाबाई हरली. एकसष्ट मतांपेक्षा पुष्कळ जास्त फरकानं हरली. ही वजाबाकी मी कितीतरी वेळा केली आहे. ती बरोबर आहे. ती माझ्या काही कामाची नाही. आमचा वॉर्ड आता आजूबाजूच्या वॉर्डांच्या रंगाचा आहे. वट्टम म्हणतो, इडली निवडून घेतली. कालव्याकाठच्या जागेला कुंपण घातलंय, आत गाड्या लावतात. यादी शुद्ध केल्याबद्दल मला एक प्रशस्तिपत्र मिळालं. आईनं ते चौकट करून भिंतीवर लावलंय. अक्काच्या डब्यात बायको मोहरी ठेवते.

अक्काकडे मी पुन्हा गेलो नाही. तो अर्ज आम्ही दोघांनी कधी केला नाही. बस तीच आहे, तिसरा मजला तोच आहे.

आणि ते दुसरं कारण. मी तमिळमध्ये शिकलो, तमिळमध्ये शिकवतो. हे तमिळमध्ये लिहिणं मला सोपं गेलं असतं. अक्काला हळूहळू, अक्षर लावून, तमिळ वाचता येतं. मराठी येत नाही. म्हणून हे मराठीत लिहिलं. ती जिथं वाचणार नाही तिथं मी आणखी एक कागद चिकटवला आहे, आणि खाली सही केली आहे.