जिने मला पळायला शिकवलं

गेल्या रविवारी पॅसेंजरने नरडाण्याला जाऊन आलो. तिथे माझं ना नातं, ना गोतं… तरी बायकोने पिशवीत भरताची वांगी आणि केळीचे वेफर्स भरून दिले. म्हणाली, "गुरूकडे रिकाम्या हाताने जाऊ नका."

माझी गुरू अठ्ठावीस वर्षांची आहे. नाव वैशाली, नरडाण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या लॅबमध्ये कामाला. मी छप्पन्नचा. आमची ओळख झाली ती एका ऑनलाइन गेममध्ये… हसा, हरकत नाही.

रावेर-सावद्याची केळी भरून सव्वीस वर्षं दिल्लीपर्यंत ट्रक चालवला. दोन वर्षांपूर्वी मणक्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले, आता स्टेअरिंग विसरा. पिंप्राळ्याच्या घरात भिंतीकडे बघत बसायचो. कुणाशी बोलावंसंही वाटायचं नाही.

माझी मुलगी पूनम, तिने तिच्या जुन्या कॉम्प्युटरवर एक गेम टाकून दिला. अवकाशात मालवाहू जहाज चालवायचं, या ग्रहावरून त्या ग्रहावर माल पोचवायचा. आधी मी वैतागलो… आठवड्याभरात दुपारचं जेवण गार व्हायला लागलं.

त्यात दोन प्रकार असतात. एकट्याने खेळायचं, किंवा 'ओपन'मध्ये जायचं, जिथे जगभरातली खरी माणसं असतात. तीन महिने एकटा खेळलो आणि एका दुपारी म्हटलं, चला, माणसांत जाऊन बघू.

स्टेशनवरून निघून दोन मिनिटंही झाली नसतील. दोन जहाजं मागून आली आणि माझं जहाज फोडून टाकलं. ना माल मागितला, ना काही बोलले. नवख्याला एकटं गाठायचं आणि निव्वळ मजा म्हणून मारायचं… याला तिथे 'गँकिंग' म्हणतात, हे मला नंतर कळलं.

गेमच तो, पण लागलं हो. रस्त्यावर सव्वीस वर्षांत एक ओरखडा येऊ दिला नव्हता, आणि इथे आपण असे… पंधरा दिवस कॉम्प्युटर उघडलाच नाही. परत ती भिंत.

मग एक दिवस पूनमने गेमवर आलेला मेसेज वाचून दाखवला. कुणीतरी लिहिलं होतं, ओपनमध्ये जीव कसा वाचवायचा ते शिकायचं असेल तर शिकवते. मी नाहीच म्हणत होतो, पूनमनेच परस्पर हो कळवलं.

शिकवणी सुरू झाली. एका बंद ग्रुपमध्ये आम्ही दोघंच. ती माझ्यावर हल्ला करायची आणि मी मरायचो… पहिल्या दिवशी अकरा वेळा. आधी आमचं जपूनजपून पुस्तकी मराठीत चालायचं. बाराव्या वेळी ती हेडफोनमध्ये एकदम ओरडली, "नाना, मांगे पयू नका! मन्हा आंगवर या!"

ही तर आमच्याच गावाकडची बोली! म्हटलं, "तू कोनता गावनी शे, बेटा?"

"नरडाणानी!"

दोघंही इतके हसलो की बायको स्वयंपाकघरातून बघायला आली.

तिने शिकवलेलं साधं होतं. माल थोडा कमी भरा, संरक्षणाचं कवच चांगलं घ्या. रडारवर खरी माणसं कोणती ते आधी बघा. आणि कुणी अंगावर आलं तर पाठ फिरवू नका, त्याच्याच दिशेने वेगात जा आणि बाजूने निसटा. त्याला वळायला वेळ लागतो, तेवढ्यात दुसऱ्या ताऱ्याकडे उडी मारा.

महिन्याभराने परत ओपनमध्ये गेलो. तिसऱ्याच दिवशी तिघांनी घेरलं. जहाज सरळ त्यांच्यावर घातलं… कवच गेलं, काच तडकली, जहाजात जेमतेम जीव उरला आणि उडी लागली! मी खुर्चीतून उठून ओरडलो. ऑपरेशननंतर इतक्या झटक्यात पहिल्यांदाच उठलो असेन.

म्हणून रविवारी आभार मानायला गेलो होतो. तिच्या आईने चहा केला. आई आत गेल्यावर वैशाली कप हातात तसाच धरून म्हणाली, "नाना, एक सांगायचंय. तुम्ही पहिल्यांदा ओपनमध्ये आलात, तेव्हा तुमचं जहाज मीच फोडलं होतं."

स्क्रीनवर नाव आलं असणार, पण ते वाचायचं भान कुणाला होतं?

"जहाज फुटल्यावर तुम्ही चॅटमध्ये मराठीत लिहिलं होतं… 'भाऊ, माझं काय चुकलं?' आमच्या ग्रुपमधले हसले. मीपण हसले. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. मग तो ग्रुप सोडला आणि तुम्हाला मेसेज केला."

राग आला… खोटं कशाला सांगू? ते पंधरा दिवस डोळ्यांसमोर आले. माझा चहा एका दमात संपवला आणि कप खाली ठेवला. ती उठून गेली नाही, सारवासारव केली नाही. समोर बसून राहिली.

शेवटी तीच हळू आवाजात म्हणाली, "चार नवीन जणांना शिकायचंय. तुम्ही याल का मदतीला? की आता नको?"

म्हटलं, "येतो. मारायचं काम तुझं, पळायचं कसं ते मी दाखवतो."

तेव्हा कुठे तिने तो थंडगार चहा प्यायला.

ती काही बोलली नसती तर मला आयुष्यभर कळलं नसतं. तरी तिने सांगितलं, आणि त्याच्याही आधी महिनाभर रोज तासभर बसून चूक निस्तरली. माफी अशीही मागता येते, हे मला छप्पन्नाव्या वर्षी कळलं… वैशाली, बेटा, मनापासून थँक्यू.