ट्रेमधली पिशवी

आमच्याकडं गर्भाची पिशवी काढली की नर्स ती ट्रेमध्ये घालून बाहेर आणते, नातेवाइकांना दाखवते. झाली तपासणी! 'बघितली ना आम्ही, पार सडल्ती,' हे मग धावड्यापासून पिंपळगाव रेणुकाईपर्यंत सांगत सुटायचं. अरे, नुसत्या डोळ्यांना काय कळतं? आतल्या अस्तराचा तुकडा आधी लॅबला जाऊ द्या, मगच पिशवीला हात लावा. हे मी पत्रकात छापलं, बहुतेक पिशव्या काढाव्या लागतच नाहीत हेही छापलं, घरोघरी वाटलं. बायकांकडून एक प्रश्न पाठ करून घेतला : काढायची कशाला?

मग पाळी बंद झालेल्या आईला परत रक्त जायला लागलं. तिचाही तुकडा मी भांडून नवीन जालन्यातल्या लॅबला पाठवला.

तिथल्या डॉक्टरबाईंनी मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. आधी कुणा दुसरीची काच. ग्रंथींची गर्दी होती, पण पेशींची केंद्रकं लांबट, ओळीत उभी. "हिला बहुतेक गोळ्या पुरतील." मग आईची. ग्रंथी एकमेकींना चिकटलेल्या, केंद्रकं फुगून गोल, ओळ मोडलेली. "हा कॅन्सर नाही, पण त्याच्या अलीकडचं आहे. कधी कधी शेजारी तो लपलेलाही असतो. पिशवी काढलेली बरी."

मी जांभळ्या ठिपक्यांकडं बघत राहिले. काहीच वाटलं नाही. बाहेर येऊन आईला सांगितलं.

"मंग तुझ्या पत्रकात माझं बसत न्हाई म्हण की."

"नाही बसत."

ती हसली. मला जमलं नाही.

ऑपरेशन झालं. नर्सनं ट्रे आणला. आईसोबत आलेली मावशी वाकून बघायला लागली.

"अगं माय, ही तर चांगली दिसून राह्यली! काढली कशाला मंग?"

हा प्रश्न पाठ मीच करून घेतलेला.

"काचेखाली दिसलं, मावशी."

"तुला दिसलं. मला न्हाई."

तेवढ्यात नर्स ट्रे घेऊन निघाली. "लॅबला ना?" मी विचारलं.

"आता कशाला? रिपोर्ट आलाय की आधीच."

मी ट्रेची कड धरली. "तो तुकड्याचा आला. बरणी आणा, फॉर्मलीन घाला." आवाज चढला असावा, कारण लोक बघत होते.

ऑटोत बरणी माझ्या मांडीवर होती.

"आता आन काय बघायचं राह्यलं?" मावशीनं विचारलं.

"शेजारी काही लपलंय का, ते."

मावशी पुढं वाकून ऑटोवाल्याला म्हणाली, "बाबा, जरा हळू घे. सांडंल."