बटणांच्या डबीतलं बी

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलरमास्तर. गल्लीतल्या समस्त पोटांचे घेर त्यांना तोंडपाठ होते आणि कोणाचा किती सुटला हे ते चारचौघांत सांगतही. दुकानामागे हातभर परसबाग होती, पण ती बायकोच्या ताब्यात. तिथं ती जांभळे टोमॅटो लावायची. ऊन लागेल त्या अंगानं काळेजांभळे, पानाआडच्या अंगानं पिकल्यावर लाल.

"टोमॅटोला वांग्याचा शर्ट कोणी शिवला गं?" मास्तर दरवर्षी विचारायचे.

"तुम्ही नाही. तुमचा असता तर काखेत उसवला असता," ती दरवर्षी म्हणायची.

मागच्या वर्षी ती गेली. मागे बटणांच्या डबीत तिनं धरलेलं चिमूटभर बी उरलं. मास्तरांना मातीतलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी ते सगळं बी त्यांनी पेरलं, रोपं जगवली, कापडाच्या पट्ट्यांनी काठ्यांना बांधली. पहिलं फळ जांभळं झालं त्या दिवशी दुकान बंद ठेवून झाडांपाशी नुसते बसून राहिले. शेवटची चांगली फळं त्यांनी बियांसाठी राखली. तिचं झाड चालू राहिलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

तिची रीत त्यांनी नाक दाबून का होईना, पाहिलेली होती. गर ग्लासभर पाण्यात घालून काही दिवस आंबवायचा, बियांवरचं बुळबुळीत आवरण सुटलं की बी धुवायचं आणि ताटलीत सावलीला वाळवायचं. त्या वासापायी पूर्वी घरात भांडणं व्हायची. या खेपेला ग्लास खुद्द शिलाई मशीनवर होता आणि गिऱ्हाइकं नाकाला रुमाल लावून माप देत होती.

घोडं अडलं ते वाळवण्यापाशी. आभाळ निवळेना, हवा दमट, बिया ओल्याच. एकीवर पांढरी बुरशी दिसली आणि मास्तरांचा धीर सुटला. ओलं काही वाळवायचं म्हटलं की त्यांचा हात एकाच वस्तूकडे जायचा. त्यांनी बियांवर मलमल अंथरली, रेशमाला लावतात तेवढीच इस्त्री तापवली आणि हलक्या हातानं फिरवली. बिया कशा खडखडीत झाल्या. त्या डबीत भरून त्यांनी थकलेली झाडं समाधानानं उपटून टाकली.

नव्या हंगामात कुंड्या भरल्या, सगळं बी पेरलं. एक कोंब वर येईना. मास्तर शेजारच्या नर्सबाईंकडे गेले.

"तुमच्याकडे थोडं बी असेल ना? ती टोपलीभर फळं द्यायची तुम्हाला."

"फळं खाल्ली हो, मास्तर. बी कशाला धरू? वहिनी होत्या ना."

सुट्टीला आलेली मुलगी कुंड्या पाहून म्हणाली, "बाबा, बी जुनं असेल."

"माझ्या हातचं आहे. गेल्याच हंगामातलं."

"मग माती बिघडली असेल."

"माती नाही गं. इस्त्री."

ती बघतच राहिली. "बियांना इस्त्री केलीत?"

"हलकी. रेशमाची."

तिला हसू आवरेना. मास्तरही हसले. मग तिच्या लक्षात आलं, हसणं आता आपलं एकटीचंच चाललंय.

"बाजारात मिळतं जांभळ्या टोमॅटोचं बी. मी आणते."

"आण की. पण ते आईचं नसेल."

ती चहा टाकायला आत गेली.

मास्तरांनी कुंड्या एकेक करून पालथ्या केल्या आणि माती चाळायला बसले. बिया सापडत होत्या, पण चिमटीत धरल्या की त्यांचं पाणी होत होतं. एखादी तरी टणक लागेल म्हणून ते बोटांनी चाचपत राहिले. दिसेनासं झालं तेव्हा मुलगी दिवा लावायला आली.

"राहू दे," मास्तर म्हणाले. "हातालाच कळतंय सगळं."